बोलतो एकाशी, उत्तर देतो भलताच

(हे आजच्या भागाचं लिखित रूप. लोकलच्या गर्दीत धड ऐकू येत नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठीही.)

आज सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न. समजा, अमेरिकेत कुणीतरी स्वयंपाकघरात उभं राहून म्हणालं, "अलेक्सा, डॉमिनोजला माझी नेहमीची ऑर्डर द्यायला सांग." आणि ओट्यावरच्या डब्यातून उत्तर आलं, "दिली." तर हे उत्तर नेमकं कोणी दिलं?

तुम्ही म्हणाल, अलेक्साने. आवाज तर तिचाच होता. पण अलेक्साला पिझ्झातलं ओ की ठो कळत नाही. तुमची नेहमीची ऑर्डर कोणती, पत्ता कुठला, हे डॉमिनोजच्या बाजूने चालणाऱ्या एका प्रोग्रॅमला माहीत असतं. उत्तर तिथून आलं, अलेक्साने फक्त वाचून दाखवलं. रामदास पाध्यांचे अर्धवटराव आठवा. तोंड बाहुल्याचं हलतं, बोलणारा मागे असतो. इथे फरक एवढाच की बोलणारा शेकडो किलोमीटर लांब असतो, आणि बाहुला त्याच्या मालकीचा नसतो.

आजचा भाग या दोघांमधल्या निरोपानिरोपीबद्दल आहे. तंत्रज्ञानाच्या भाषेत तिला वेबहुक म्हणतात. नाव रुक्ष आहे, पण या गोष्टीत एक प्रश्न सारखा परत येतो: कोण कोणाला हाक मारतं? माझ्या मते या सगळ्या इतिहासाची किल्ली तिथेच आहे.

पी.पी. नंबर नावाची भानगड

तुमच्यापैकी बहुतेकांनी पी.पी. नंबर पाहिला नसेल. नव्वदच्या दशकापर्यंत दुकानाच्या कार्डावर, कधी लग्नपत्रिकेवरसुद्धा फोन नंबरापुढे "पी.पी." लिहिलेलं असायचं. अर्थ असा की हा फोन आमचा नाही, शेजाऱ्यांचा आहे. पण फोन करा, ते आम्हाला बोलावतील. आमच्या वाड्यात एकच फोन होता, मालकीणबाईंकडे. कुणाचा फोन आला की त्या गॅलरीत येऊन नाव घेऊन हाक मारायच्या. मग तो माणूस बनियनवर शर्ट चढवत जिन्याने पळत यायचा.

आता याची व्यवस्था बघा. तुम्ही दर दहा मिनिटांनी जाऊन "काकू, माझा फोन आला का?" असं विचारत नाही. तुम्ही आधीच सांगून ठेवलंय की माझ्यासाठी काही आलं तर मला हाक मारा. हेच वेबहुक! एक सर्व्हर दुसऱ्याला आपला पत्ता देऊन ठेवतो: "अमुक घडलं की या पत्त्यावर कळव."

याच्या उलटची पद्धत तुम्हाला चांगली माहीत आहे. दहावीच्या निकालाच्या दिवशी आपण वेबसाइट रिफ्रेश करत बसतो ना, तीच. लागला का? नाही. आता लागला का? नाही. कॉम्प्युटरच्या जगात याला पोलिंग म्हणतात. त्यात दोन्हीकडची ताकद वाया जाते आणि बातमी उशिरा कळते ती कळतेच.

"वेबहुक" हा शब्द २००७ मध्ये जेफ लिंडसे या अमेरिकन प्रोग्रॅमरने रुजवला. हुक म्हणजे आकडा. प्रोग्रॅममध्ये ठरावीक ठिकाणी एक खुंटी ठोकून ठेवायची, म्हणजे नंतर कुणालाही आपलं काम तिथे अडकवता येतं, ही कल्पना जुनीच होती. लिंडसेंचं म्हणणं असं की ही खुंटी इंटरनेटवर आणा. घटना घडली की एका साइटने दुसऱ्या साइटच्या पत्त्यावर साधा एचटीटीपी निरोप पाठवावा. त्यासाठी वेगळी यंत्रणा, वेगळी परवानगी काही लागू नये. वेब पान उघडताना ब्राउझर ज्या भाषेत बोलतो, त्याच भाषेत सर्व्हरने सर्व्हरशी बोलायचं.

आवाज आधी, हुक नंतर

यंत्राने बोलणं मात्र त्याआधीचं आहे. "हिंदीसाठी एक दाबा" हा आवाज आपल्या सगळ्यांच्या कानात बसलाय. अशा टेलिफोन सेवा पूर्वी ज्या त्या कंपनीच्या बंद यंत्रांवर चालायच्या. १९९९ मध्ये एटी अँड टी, आयबीएम, ल्युसंट आणि मोटोरोला एकत्र आल्या आणि २००० मध्ये व्हॉइसएक्सएमएल नावाची भाषा बाहेर पडली. फोन उचलणारं यंत्र ब्राउझरसारखं वागणार, वेब सर्व्हरकडून पान मागणार, फक्त ते पान दाखवण्याऐवजी बोलून दाखवणार, अशी ती कल्पना. २००४ मध्ये डब्ल्यूथ्रीसी या वेबच्या मानक-संस्थेने तिच्या दुसऱ्या आवृत्तीवर शिक्का मारला.

म्हणजे बोलणारं यंत्र एकीकडे आणि अक्कल दुसरीकडे, ही वाटणी तेव्हाच झाली होती. पण हे सगळं मोठ्या कंपन्यांचं काम होतं. एकट्यादुकट्या प्रोग्रॅमरला फोनच्या जगात शिरकाव नव्हता.

तो मिळाला २००८ मध्ये. ट्विलिओ कंपनीने सांगितलं: आमच्याकडून नंबर घ्या आणि तुमच्या सर्व्हरचा पत्ता द्या. त्या नंबरवर कॉल आला की आम्ही तुमच्या पत्त्यावर निरोप पाठवू आणि विचारू, काय करू? तुम्ही चार ओळींत उत्तर द्या: हे वाक्य बोल, मग बटण दाबायची वाट बघ, मग या नंबरला जोड. आवाज आणि वेबहुक यांचं लग्न लागलं ते इथे.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे मिस्ड कॉल होता! जरा विचार करा, मिस्ड कॉल म्हणजे काय? "मी पोहोचलो", "खाली ये", "मला फोन कर". निरोप पोहोचतो, पैसे शून्य. आतला मजकूर कोरा, पण कोणी केला आणि केव्हा केला एवढं पुरतं. २०१० मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या झिपडायलने याच सवयीवर धंदा उभा केला: नंबरवर मिस्ड कॉल द्या, त्यांचा सर्व्हर ती नोंद घेईल आणि पुढचं काम होईल. २०११ मध्ये राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंच्या आंदोलनाला पाठिंबा नोंदवायला देशभरातून लाखो लोकांनी मिस्ड कॉल दिले. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हतं त्यांनीही त्या दिवसांत एका सर्व्हरला हाक मारली होती. झिपडायल पुढे जानेवारी २०१५ मध्ये ट्विटरने विकत घेतली.

सिरी: उघडलेलं आणि मिटलेलं दार

आता गोष्ट तुमच्या हातातल्या फोनवर येते. सिरी मुळात अ‍ॅपलची नव्हती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन विभागाने पैसे दिलेल्या कालो नावाच्या प्रकल्पातून, एसआरआय इंटरनॅशनल या संस्थेत तिचा पाया घातला गेला. डॅग किटलॉस, अ‍ॅडम चायर आणि टॉम ग्रुबर यांनी त्याची कंपनी केली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये सिरी एक साधं अ‍ॅप म्हणून अ‍ॅप स्टोअरवर आली. तिचं वैशिष्ट्य गोड बोलण्यात नव्हतं, कामं करण्यात होतं. हॉटेलात टेबल बुक करायचं असेल तर ती ओपनटेबलला विचारायची. टॅक्सी, सिनेमाची तिकिटं अशा वेगवेगळ्या सेवा तिच्या मागे उभ्या होत्या.

एप्रिल २०१० मध्ये अ‍ॅपलने ती विकत घेतली. ऑक्टोबर २०११ मध्ये आयफोन ४एस बरोबर सिरी जगभर गाजली, पण मागच्या सेवांचा तो मोठा गोतावळा बराच आटला होता. बाहेरच्या अ‍ॅपवाल्यांना सिरीशी जोडून घ्यायची रीतसर सोय मिळाली ती थेट २०१६ मध्ये, तीही टॅक्सी, मेसेज, पैसे पाठवणं अशा मोजक्या कामांपुरती. म्हणजे मधली पाच वर्षं जगातला सगळ्यात प्रसिद्ध बोलका मदतनीस बाहेरच्या प्रोग्रॅमरसाठी जवळपास बंद होता. मधल्या माणसाला दार लावून घेता येतं, हा पहिला धडा.

पाकिटात काय असतं?

अ‍ॅमेझॉनने उलटी चाल खेळली. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांनी एको हा बोलका डबा आणला आणि २५ जून २०१५ रोजी अलेक्सा स्किल्स किट सगळ्यांसाठी खुलं केलं. कुणीही प्रोग्रॅमर "स्किल" बनवू शकतो. आपल्या सर्व्हरचा पत्ता द्यायचा, बाकी अलेक्सा हाक मारेल. पी.पी. नंबरच की! सप्टेंबर २०१९ पर्यंत स्किल्सची संख्या एक लाखावर गेल्याचं अ‍ॅमेझॉनने सांगितलं.

हा निरोप कसा दिसतो, हे मी पहिल्यांदा उघडून बघितलं तेव्हा मला सगळ्यात आधी खटकलं ते हे की त्यात आवाजच नाही. बोलणाऱ्याचा सूर, घाई, मागे रडणारं बाळ, काही नाही. तुमचा आवाज अ‍ॅमेझॉनकडे जातो, तिथे त्याचे शब्द होतात, शब्दांचा अर्थ लावला जातो आणि स्किलवाल्याच्या सर्व्हरला मिळतं ते जेसन नावाच्या सुटसुटीत रचनेतलं एक पाकीट. त्यात निरोपाचा प्रकार असतो: दार उघडलं, काम सांगितलं, की संभाषण संपलं. काम असेल तर त्याचं आधी ठरवलेलं नाव, त्याला "इंटेंट" म्हणतात. मग रिकाम्या जागा भरलेल्या: कोणतं शहर, कोणती तारीख, किती नग. वापरणाऱ्याचं नाव नसतं, त्याऐवजी एक लांबलचक सांकेतिक ओळख, तीही प्रत्येक स्किलसाठी वेगळी. भाषा आणि वेळ. बस.

उत्तरही असंच. हे वाक्य बोल, आणि संभाषण चालू ठेव किंवा संपव.

यात तीन गमती आहेत.

पहिली, विसरभोळेपणा. एचटीटीपीला मागचं काही आठवत नाही. मग "दोन पिझ्झा" म्हटल्यावर पुढच्या वाक्याला "कोणते दोन?" हे कसं कळणार? देवळाबाहेर चपला ठेवल्यावर टोकन मिळतं ना, तशी सर्व्हर उत्तराबरोबर एक चिठ्ठी देतो. अलेक्सा ती सांभाळते आणि पुढच्या निरोपासोबत परत आणून देते. आठवण म्हणजे इथे नुसती फिरती चिठ्ठी!

दुसरी, घाई. वेब पान उघडायला दहा सेकंद लागले तर आपण चिडतो, पण थांबतो. बोलताना समोरचा दहा सेकंद गप्प बसला तर? "हॅलो? आहेस ना?" म्हणून अलेक्सा स्किलच्या उत्तरासाठी साधारण आठ सेकंद थांबते. गुगलच्या डायलॉगफ्लोमध्ये वेबहुकला मिळतात पाच. त्यात जमलं नाही तर माणसाला ऐकू येतो एक माफीनामा. दोष मागच्या सर्व्हरचा असला तरी नाव अलेक्साचं खराब होतं.

तिसरी, ओळखपाळख. तुमच्या सर्व्हरचा पत्ता इंटरनेटवर उघडा आहे. उद्या कुणीही येऊन म्हणेल, "मी अलेक्सा, अमक्याच्या खात्यातली शिल्लक सांग." म्हणून प्रत्येक पाकिटावर अ‍ॅमेझॉनची डिजिटल सही असते आणि ती तपासणं स्किलवाल्याचं काम. वेळही बघायची. दीडशे सेकंदांपेक्षा जुनं पाकीट घ्यायचं नाही, कारण कुणी खरं पाकीट चोरून नंतर पुन्हा टाकलेलं असू शकतं.

बर्लिनचं राशिभविष्य

पाठवणारा खरा आहे का, हे तपासायची सोय झाली. पण उत्तर देणाऱ्याचं काय? ऑक्टोबर २०१९ मध्ये बर्लिनच्या सिक्युरिटी रिसर्च लॅब्सने ही दुसरी बाजू उघडी पाडली. त्यांनी अलेक्सा आणि गुगल होमसाठी मिळून आठ छोटी अ‍ॅप्स बनवली, बहुतेक राशिभविष्य सांगणारी. दोन्ही कंपन्यांनी ती तपासून पास केली. पास झाल्यावर संशोधकांनी आपल्या सर्व्हरवरची उत्तरं बदलली.

आता अ‍ॅप उघडलं की आवाज यायचा, "ही सेवा तुमच्या देशात उपलब्ध नाही." ऐकणाऱ्याला वाटायचं, संपलं. पण उत्तरात पुढे उच्चार न करता येणारी चिन्हं भरलेली होती. डबा ती "वाचत" राहायचा, म्हणजे गप्प राहायचा. बऱ्याच वेळाने त्याच ओळखीच्या आवाजात वाक्य यायचं: तुमच्या उपकरणासाठी अपडेट आहे, पासवर्ड सांगा.

आवाज तोच, त्यामुळे विश्वासही तोच. अर्धवटरावांच्या मागचा माणूस बदलला हे प्रेक्षकांना कळायला मार्गच नव्हता. संशोधकांनी हे कंपन्यांना कळवलं, ती अ‍ॅप्स काढली गेली, तपासणीही कडक करू असं सांगण्यात आलं. पण मुळातली गोम वेबहुकच्या रचनेतच आहे: तपासणी एका दिवशी होते, आणि उत्तरं दुसऱ्याच्या घरात रोज नव्याने लिहिली जातात.

मराठी कुठे अडली?

आता आपल्या घरचा विषय. समजा तुम्ही सर्व्हर बांधला: एसटीचं वेळापत्रक सांगणारा किंवा बाजार समितीतला कांद्याचा भाव सांगणारा. सर्व्हरला मराठीचं वावडं नाही. तो शुद्ध मराठीत उत्तर लिहून देईल, हवं तर वऱ्हाडीत आणि मालवणीतही देईल. पण त्याच्यापर्यंत प्रश्न पोहोचायला आधी मधल्या माणसाला मराठी कळायला हवी. अलेक्सा भारतात २०१७ मध्ये इंग्रजी घेऊन आली, २०१९ मध्ये हिंदी शिकली. स्किल लिहिणाऱ्याच्या भाषांच्या यादीत मराठी नव्हती. गुगल असिस्टंट ऑगस्ट २०१८ मध्ये मराठी बोलायला लागला, तेव्हा आपल्याकडे त्याचं कौतुक झालं ते उगाच नाही.

म्हणून मला वाटतं, मराठीत बोलक्या सेवा कमी झाल्या त्याचं खापर फक्त मराठी प्रोग्रॅमरवर फोडणं बरोबर नाही. सर्व्हर चालू होता, पत्ता दिलेला होता, पण हाक मारणाऱ्यालाच आपली भाषा येत नव्हती. काकू गॅलरीत आल्याच नाहीत, तर जिन्यावरून पळणार कोण?

१३ जून २०२३

आणि मग ती तारीख आली. गुगलने २०१६ च्या अखेरीस असिस्टंट बाहेरच्यांसाठी उघडला होता. संभाषणातून चालणारी हजारो अ‍ॅप्स तयार झाली होती: खेळ, गोष्टी, प्रश्नमंजूषा. जून २०२२ मध्ये गुगलने जाहीर केलं की वर्षभरात हे सगळं बंद. ठरल्याप्रमाणे १३ जून २०२३ रोजी ते बंद झालं. घरातले दिवे-पंखे चालवणारी जोडणी राहिली, पण बोलकी अ‍ॅप्स गेली. त्या दिवशी कुणाचाही सर्व्हर मोडला नाही. ज्यांनी चालू ठेवले होते ते चालूच होते, पाकिटाची वाट बघत. हाक येणं तेवढं थांबलं.

योगायोग असा की त्याच दिवशी, १३ जून २०२३ लाच, ओपनएआयने आपल्या मॉडेलमध्ये फंक्शन कॉलिंगची सोय आणली. तुम्ही मॉडेलला सांगता की माझ्याकडे ही ही कामं आहेत. माणूस काहीही, कसंही बोलो, मॉडेल त्यातून कामाचं नाव आणि रिकाम्या जागा भरून जेसनमध्ये परत देतं. ओळखीचं वाटतंय ना? तेच इंटेंट, तीच पाकिटं.

पण एक गोष्ट उलटी झाली. अलेक्साच्या काळात माणूस अलेक्साकडे जायचा आणि अलेक्सा तुम्हाला हाक मारायची. आता माणूस तुमच्या अ‍ॅपवर येतो आणि तुम्ही मॉडेलला हाक मारता. दार तुमचं झालं. भाषेचा अडसरही सैल झाला, कारण ही मॉडेल्स मराठी बऱ्यापैकी समजतात. आवाजाचे शब्द आणि शब्दांचा आवाज करायला केंद्र सरकारची भाषिणी २०२२ पासून आहे, तिच्यात मराठी आहे.

सगळं छान झालं असं मात्र मी म्हणणार नाही. मॉडेलचा मालकही भाव वाढवू शकतो, सेवा बंद करू शकतो. मधला माणूस गेलेला नाही, दारातून मागच्या खोलीत गेलाय. पण आज तो बदलता तरी येतो. २०२३ मध्ये ज्यांची अ‍ॅप्स गेली त्यांना तोही पर्याय नव्हता, कारण गिऱ्हाईक त्यांच्याकडे कधी आलंच नव्हतं. ते गुगलकडे येत होतं.

म्हणून तुमच्यापैकी जे कॉलेजात प्रोजेक्ट करताय, गावासाठी काही बोलकं बनवायच्या विचारात आहात, त्यांनी कोड लिहायच्या आधी कागदावर दोनच गोष्टी लिहा. माझ्या सर्व्हरला हाक कोण मारणार? आणि त्याने उद्या थांबवली तर माझ्या माणसांपर्यंत मी दुसऱ्या कोणत्या वाटेने पोहोचेन? एखादा साधा फोन नंबर, एसएमएस, अगदी मिस्ड कॉलसुद्धा चालेल. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या फोनवरून पैसे पाठवायची यूपीआय १२३पे ही सोय सुरू केली, तिच्या चार वाटांपैकी एक मिस्ड कॉलची आहे. जुनी वाट म्हणून हसू नका.

आणि जे नुसते वापरणारे आहेत त्यांच्यासाठी आजचा गृहपाठ: घरी अलेक्सा असेल तर तिचं अ‍ॅप उघडा आणि चालू असलेल्या स्किल्सची यादी बघा. जे आठवत नाही ते बंद करा. आणि डब्याने कधीही पासवर्ड किंवा ओटीपी विचारला, कितीही ओळखीच्या आवाजात विचारला, तरी सांगू नका.

यादीत काय काय सापडलं ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात!